विंडोज मारण्याआधी

लग्नसराई तोंडावर आलेली. तालुक्याच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारा एक दुकानदार आपला संगणक काखोटीला मारून दुरुस्तीच्या दुकानात आला आणि टेबलावर ठेवत म्हणाला, "विंडोज मारून द्या. नेट लागतं, पण एकही साइट उघडत नाही. सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असंच येतं."

दुरुस्ती करणाऱ्या पोराने वायरी जोडल्या, यंत्र सुरू केले आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "काका, तारीख बघा." तिथे १ जानेवारी २००९ होती.

त्याने डबा उघडला, ब्रशने धूळ झाडली आणि मदरबोर्डवरची चपटी गोल बॅटरी नखाने उचकटून काढली. सीआर २०३२ नावाची ही तीन व्होल्टची बॅटरी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी असते. वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालते. काही वर्षांनी ती संपते आणि मग दर वेळी बटण दाबले की घड्याळ कारखान्यात ठरवून दिलेल्या मूळ तारखेवर जाऊन बसते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे ओळखीचे एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल याच्या तारखा त्यावर असतात. २००९ सालात अडकलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र दाखवले, तर त्याच्या लेखी ते अजून लागूच झालेले नसते. म्हणून तो दार लावून घेतो. नवी बॅटरी बसली, तारीख दुरुस्त झाली आणि साइट उघडू लागल्या. मारण्यासारखे काही नव्हतेच.

मराठीत विंडोज ‘मारतात’. जसा शिक्का मारतात, भिंतीला रंगाचा हात मारतात, तसे. या शब्दात एक भरवसा आहे: जुने पुसले, नवे मारले, झाले काम. संगणक संथ झाला, व्हायरस शिरला, प्रिंटर बोलेना, की सर्वांवर हाच उपाय सुचवला जातो. कित्येकदा तो योग्यही असतो. पण मारण्याआधी काय बघायचे, काय उचलून ठेवायचे आणि मुळात मारायचे का, हे विचारले जात नाही. आणि खरे काम तर तिथेच असते.

पत्रिकावाल्या काकांचा प्रश्न त्या बॅटरीने सुटला, पण त्या दिवसापुरता. कारण त्यांच्या यंत्रावर विंडोज ७ होती. २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आलेल्या या आवृत्तीला सुरक्षेची विनामूल्य डागडुजी पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. गूगलच्या क्रोम ब्राउझरनेही २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ची साथ सोडली. १०९ ही क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. काकांच्या दृष्टीने मात्र सगळे ठीक होते. "चालतंय की!" हे त्यांचे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात रोज ऐकू येते.

ऑपरेटिंग सिस्टीम हा यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी आहे. कळ दाबली, कागद छापायला टाकला, पेनड्राइव्ह लावला, फाइल जपून ठेवली, यातले प्रत्येक काम त्याच्या हातून होते. तिजोरीच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला. असा कारभारी म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते? त्याच्या सूचनावलीतले एकही अक्षर झिजत नाही. डागडुजी थांबली त्या दिवशी विंडोज ७ जशी होती तशीच आजही आहे. बदलते ते भोवतालचे जग. कोट्यवधी ओळींच्या त्या कामात राहून गेलेल्या चुका एकेक करून सापडत जातात आणि प्रत्येक चूक म्हणजे घराला असलेले एक न दिसणारे भगदाड. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्र झालेली असते तेव्हा, ही भगदाडे बुजवणारे पॅच देते.

यातली धोक्याची गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. नवी विंडोज काही कोऱ्या कागदावर लिहिलेली नसते. जुन्याचा मोठा भाग तिच्यात तसाच आलेला असतो. नव्या आवृत्तीसाठी पॅच आला, की चोर तो उघडून बघतात आणि नेमके काय दुरुस्त केले ते हुडकतात. त्यावरून त्यांना भगदाडाची जागा कळते. तेच भगदाड जुन्या आवृत्तीतही असले, तर तिथे ते बुजवायला कोणी येणार नसते. त्यामुळे जुना संगणक नुसता आहे तिथे राहत नाही, दर महिन्याला तो थोडा अधिक उघडा पडतो.

मे २०१७ मध्ये हे जगाने पाहिले. १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने एका गंभीर भगदाडाचा पॅच दिला होता. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर किडा त्याच भगदाडातून दीडशेच्या आसपास देशांत शिरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्या, काही रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. त्या वेळी बोलबाला झाला तो पाठबळ संपलेल्या जुन्या विंडोज एक्सपीचा. प्रत्यक्षात बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते, आणि तिला तेव्हा पूर्ण पाठबळ होते. पॅच दोन महिने हाताशी होता, तो बसवायचा राहिला होता.

पुढच्याच महिन्यात तडाखा थेट उरणजवळ बसला. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली. कोणता कंटेनर कुठे रचला आहे, कोणता जहाजावर चढायचा आहे आणि कोणता ट्रकवर, हे सांगणारा कारभारीच गप्प झाला. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी जोडलेले. ‘नॉटपेट्या’ नावाच्या त्या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथे करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये विष कालवले गेले होते. ज्या संगणकांना मार्चचा पॅच लागलेला नव्हता ते आधी पडले, आणि त्यांच्या स्मृतीतून उपसलेले पासवर्ड वापरून किडा पॅच लावलेल्या संगणकांतही घुसला. शेजाऱ्याच्या घराची कडी सैल होती म्हणून आपले घर लुटले जावे, तसे झाले. मर्स्कच्या काही सर्व्हरांवर तेव्हाही विंडोज २००० चालू होती. तिची मुदत २०१० मध्येच संपली होती.

त्यानंतर मर्स्कने जे केले ते म्हणजे इतिहासातले बहुधा सर्वांत मोठे ‘विंडोज मारणे’. ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले. जगभरातून माणसे इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या कार्यालयात गोळा झाली, रात्रंदिवस राबली. पण काम अडले ते वेगळ्याच जागी. सिस्टीम पुन्हा टाकायला हवी तेवढी होती. नव्हती ती एक यादी: कंपनीत कोण कोण आहे, कोणाला कोणत्या दारातून आत जायची परवानगी आहे. ही नोंदवही ज्या सर्व्हरांवर राहते त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल बाळगून होता. एक गेला तर बाकीचे आहेत, हा हिशेब. सगळे एकदमच जातील, हे कोणी धरले नव्हते.

त्यातला एक वाचला. आफ्रिकेतल्या घाना देशात हल्ल्याच्या आधी वीज गेली होती, त्यामुळे तिथला सर्व्हर बंद होता आणि किड्याला सापडला नाही. तिथून माहिती इंटरनेटने पाठवायला गेले तर जोडणी इतकी बारीक की कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण ती हार्डडिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्या माणसाच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने पुढे ‘वायर्ड’ मासिकात ही सारी हकिगत लिहिली. त्या वेळची जगातली सर्वांत मोठी कंटेनर वाहतूक कंपनी हातातल्या एका डिस्कवर पुन्हा उभी राहिली.

तालुक्यातल्या त्या टेबलाशी पोराने विचारलेला प्रश्न याहून वेगळा नव्हता. "काका, विंडोज आज मारू, उद्या मारू. तुमचं सामान कुठे कुठे आहे ते सांगा."

"सगळं डी ड्राइव्हला आहे," काका म्हणाले. बहुतेक जण हेच सांगतात आणि बहुतेकांचे अर्धे सामान सी ड्राइव्हवर निघते. डेस्कटॉप सीवर असतो. माय डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, सारे सीवरच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वह्यांची फाइल कुठे ठेवली आहे ते त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन बघावे लागते. शिवाय डी ही वेगळी डिस्क असेलच असे नाही. अनेकदा एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन कप्पे पाडलेले असतात. विंडोज बसवताना जो पडदा येतो त्यावर सी, डी ही अक्षरे दिसत नाहीत. ‘पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’ असे आकडे आणि त्यांचे आकारमान तेवढे दिसते. घाईत बोट चुकले, की दहा वर्षांच्या पत्रिका एका टिचकीत गेल्या. अनुभवी कारागीर आधीच कागदावर लिहून घेतो: सी १०० जीबी, डी ३६५ जीबी. त्याहून शहाणा कारागीर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवतो आणि नव्या एसएसडीवरच सिस्टीम टाकतो. फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी आली, की जुन्या यंत्राचा वेगही असा पालटतो की धनी चकित होतो.

मराठी छपाईच्या दुकानात या सगळ्याहून मोलाची गोष्ट वेगळीच असते: फाँट. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकचे फाँट, शिवाजी फाँट यांच्यावर महाराष्ट्रातल्या छपाईने काही दशके काढली. हे फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. संगणकाच्या लेखी त्यात देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फाँट हजर असेल तर पडद्यावर ‘चि. सौ. कां.’ दिसते. तो नसेल तर त्याच जागी रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा काला उरतो. नवी विंडोज मारली आणि जुने फाँट उचलून ठेवायचे राहिले, तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. श्रीलिपीच्या बऱ्याच प्रतींना डोंगल नावाचे छोटे कुलूपही लागते. ते हरवले, किंवा त्याला ओळखणारा ड्रायव्हर नव्या सिस्टीमवर बसला नाही, तर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नाही.

कन्व्हर्टर वापरून हा मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. तिथे पहिली वेलांटी हटकून त्रास देते. ‘विवाह’ लिहिताना जुन्या फाँटमध्ये आधी वेलांटी येते आणि मग ‘व’, जसे डोळ्यांना दिसते तसे. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते: आधी ‘व’, मागून वेलांटी. रफाराचेही असेच. जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. जोडाक्षरावर वेलांटी असली की कन्व्हर्टर कधी तिला भलत्याच अक्षराला चिकटवतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर कित्येकदा मोडूनच येतो. त्यामुळे प्रत्येक ओळ मूळ छापील पत्रिकेशी ताडून बघावी लागते. लग्नपत्रिकेत नावाची वेलांटी चुकलेली कोणी खपवून घेत नाही आणि घेऊही नये.

एवढे सामान जमल्यावर प्रश्न उरतो तो कोणती सिस्टीम टाकायची याचा. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक बाद. काकांचा तर दुसऱ्या पिढीचा. विंडोज ७ ची जुनी किल्ली लावून पुढची आवृत्ती फुकटात चालू करण्याची वाटही २०२३ मध्ये बंद झाली.

ही अट अनेकांना जाचक वाटते आणि तो राग समजण्यासारखा आहे. धडधाकट चालणारे यंत्र एका तारखेने कालबाह्य ठरते आणि भुर्दंड पडतो तो छोट्या दुकानदाराला, शाळेला, ग्रंथालयाला. त्या रागातून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे परवाना न घेता विंडोज चालू करून देणारा, नेटवरून उतरवलेला ‘ॲक्टिव्हेटर’, जो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. घराच्या रखवालदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला आत घ्यायचे, असा हा प्रकार. ती वाट धरूच नये. दुसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंट किंवा उबंटू पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, डिस्कला हातही लागत नाही. उबंटूच्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य डागडुजी मिळते. पत्रव्यवहार, इंटरनेट, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ एवढेच काम असेल, तर दहा-बारा वर्षांच्या यंत्राला ती उत्तम आहे. मात्र श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर ज्याचे पोट आहे, त्याला ‘लिनक्स टाका’ म्हणणे म्हणजे त्याचे काम समजूनच न घेणे.

प्रत्यक्ष बसवणे यापुढे फार थोडे. स्वच्छ संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरचे साधन घेऊन ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करायचा, यंत्र सुरू होताना एफ१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबायची, भाषा निवडायची, कप्पा निवडायचा. एसएसडी असेल तर चहा येऊन संपेपर्यंत काम उरकते. विंडोज १० पासून परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो, त्यामुळे त्याच यंत्रावर पुन्हा टाकताना किल्ली शोधावी लागत नाही. अलीकडच्या लॅपटॉपवर मात्र डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. यंत्राच्या प्राथमिक सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, काही बदलले की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी कागदावर उतरवून घेतलेली बरी.

नंतरचे अर्धे काम अपडेटचे. ‘तपासा’ म्हणायचे, येईल ते बसवायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि नवे काही येईनासे होईपर्यंत हेच करत राहायचे. मराठी वापरणाऱ्याला इथे एक धक्का बसतो: कोऱ्या विंडोज १० किंवा ११ वर मंगल फाँट सापडत नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे आता ऐच्छिक सुविधांमध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या नावाखाली ठेवले आहेत. मराठी भाषा जोडली, की ते येतात. मंगलमधले हिंदी वळणाचे ल आणि श ज्यांना खटकतात, त्यांच्यासाठी राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त आहे, तेही विनामूल्य.

अपडेटनेच घात केल्याची उदाहरणे आहेत, हे खरे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण ती चूक काही तासांत ओळखली गेली आणि मागे घेतली गेली. विंडोज ७ मधले भगदाड बुजवायला मात्र कोणीच यायचे नाही.

पत्रिकावाल्या काकांच्या टेबलावर आता दोन यंत्रे आहेत. एक पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला जुना, पण आठव्या पिढीचा लॅपटॉप, विंडोज ११ चा. बँक, ईमेल, व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो त्याच्यावर. दुसरे ते जुनेच विंडोज ७ चे, नव्या बॅटरीसह. त्याची नेटची केबल काढून गुंडाळून ठेवली आहे आणि त्याच्यासाठी राखलेला पेनड्राइव्ह दर वेळी आधी लॅपटॉपवर तपासला जातो. सगळ्या फायलींच्या दोन प्रती निघाल्या, एक घरच्या कपाटात आहे. थोरलीच्या लग्नाची २०१२ सालची पत्रिका घेऊन धाकटीसाठी कोणी आले, की काका जुन्या यंत्रावर ती फाइल उघडतात, मजकूर युनिकोडमध्ये नेतात आणि लॅपटॉपसमोर बसून छापील पत्रिकेशी एकेक वेलांटी ताडून बघतात.